सेरेंगेटीत झाडं का नाही लावत?

प्रश्न: टीव्हीवर आफ्रिकेतलं, टांझानियातलं सेरेंगेटी बघताना नेहमी वाटतं, नुसतं उघडं माळरान, लांबलांबपर्यंत सावली नाही, तिथे दरवर्षी थोडी थोडी झाडं लावली तर प्राणी अजून वाढतील ना? आमच्या सोसायटीचा ग्रुप दर पावसाळ्यात झाडं लावतो म्हणून विचारतोय. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: नाही वाढणार, उलट कमी होतील. दक्षिणेकडच्या सपाट भागात शेजारच्या न्गोरोंगोरो या डोंगराळ भागाकडच्या ज्वालामुखींची राख पसरलीय, तिच्याखाली इतका कडक थर झालाय की झाडाची मुळं आत जातच नाहीत, पण त्याच राखेमुळे गवत एवढं सकस की विल्डबीस्टच्या (गाईसारखं दिसणारं, कळपाने चरणारं रानटी जनावर) माद्या पिल्लं द्यायला बरोबर तिथेच येतात. आणि हे गवत उन्हातलं, दाट सावली पडली की मरतं. मग १३ लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, शिवाय झेब्रे, हरणं, यांनी खायचं काय? झेब्रा वरचं जाडंभरडं खातो, खालची पानं विल्डबीस्टला आणि मागून फुटलेले कोवळे कोंब थॉमसन गॅझेल या छोट्या हरणाला, एकाच मांडवात तीन पंगती उठतात म्हणा ना.

आता झाडांचंच सांगतो, कारण यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांडीची साथ आली, आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हा गुरांचा रोग चांगला माहितीये. गुरं मेलीच, विल्डबीस्ट आणि रानम्हशीही पटापट मेल्या, आणि रोग पुढे कित्येक वर्षं तिथेच रेंगाळला. १९६१ च्या सुमारास सेरेंगेटीत विल्डबीस्ट होते जेमतेम अडीच लाख. तोवर आसपासच्या गुरांना लस द्यायला सुरुवात झाली होती, रानातल्या जनावरांना काही टोचलं नाही, तरी रोग गुरांकडूनच येत असल्यामुळे रानातलाही गेला आणि १९७७ पर्यंत आकडा १३ लाखांच्या घरात! एवढी तोंडं चरायला लागल्यावर वाळलं गवत उरेना, वणवे कमी झाले, आणि वणव्यात जळणारी रोपं जिथे माती खोल आहे तिथे जगून मोठी झाली. म्हणजे झाडं वाढली ती गुरांना लस दिल्यामुळे, खड्डे खणून नाही. (बुळकांडी जगातून संपली असं २०११ मध्ये जाहीर झालं.)

तुमच्या ग्रुपला कळकळीने एकच सांगतो, सासवड, सुपे, इंदापूरकडची माळरानं ओसाड समजून तिथे झाडं लावायला जाऊ नका प्लीज. चिंकारा, लांडगा, खोकड (छोटा कोल्हा), धाविक पक्षी यांना उघडंच रान लागतं, चिंकाऱ्याला तर लांडगा लांबून दिसला तरच पळायला वेळ मिळतो. सोसायटीत लावा, रस्त्याच्या कडेला लावा, देशी झाडं लावा, तिथे खरंच गरज आहे.

प्रश्न: पुण्याजवळ असं माळरान बघायला कुठे जायचं? मुलांना न्यायचंय. (एक वाचक, हडपसर)

उत्तर: बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा दिसायला मस्त जागा. सकाळी लवकर जा, दुर्बीण न्या, आणि मुलांना हिरवट-मातकट कपडे घाला, भडक रंग नकोत.