सूर्यास्त राहू दे, आधी फ्लोअर प्लॅन दाखव

प्रश्न: नमस्कार ताई, मी फ्रीलान्स डिझायनर आहे, आत्तापर्यंत लग्नपत्रिका, हॉटेलची मेन्यूकार्डं, क्लासेसचे लोगो असलंच केलंय. आता एका बिल्डरचं काम आलंय. नगर रोडला रामवाडी मेट्रोजवळ सहा मजली ऑफिस बिल्डिंग, बांधकाम चालूए, ऑफिसं विकायचीत. साहेबांना 24 पानी ब्रोशर हवंय, सोनेरी फॉइल, कव्हरवर सूर्यास्त, आत कॉफी पिणारे सुटाबुटातले लोक, आणि नाव एकदम फॉरेनचं वाटलं पाहिजे म्हणे. काहीतरी चुकतंय असं वाटतंय पण त्यांना काय सांगू?
– एक वाचक, चंदननगर

उत्तर: अरे सूर्यास्त घरं विकायला ठीकेय, संध्याकाळी बाल्कनीत बसायचं असतं, पण सूर्यास्ताला ऑफिसातला माणूस पार्किंगमधून गाडी काढायच्या घाईत असतो. तुझं गिऱ्हाईक कोण? सध्या भाड्याच्या जागेत असलेला सीए, वीस पोरांची आयटी कंपनी, नाहीतर भाड्याच्या उत्पन्नासाठी गुंतवणारे काका. यांच्याकडे तुझं फॉइल पोचणारच नाहीये, ब्रोकर व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकणार आणि ते मोबाइलवर बोटानं मोठं करून कार्पेट (आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) किती, टेबलं किती बसतील, पार्किंग किती, मेंटेनन्स किती, जनरेटरवर एसी चालतो का फक्त लाइट, लेडीज टॉयलेट प्रत्येक मजल्यावर आहे का, एवढंच शोधणार.

म्हणून दुसऱ्याच पानावर प्लॅन घे, आणि त्यात टेबलं खऱ्या मापाची काढ, 1200 बाय 600 मिलिमीटर. टेबलं बारीक काढून ऑफिस मोठं दाखवायची आयडिया जुनी आहे, पझेशनच्या दिवशी टेप लावला की उघडी पडते. आकडा रेराच्या (बिल्डरांसाठीच्या कायद्याच्या) व्याख्येतल्या कार्पेटचा दे, जिना-लॉबी धरून फुगवलेल्या सुपर बिल्टअपचा नको. ग्रीन रेटिंगचं (पर्यावरणपूरक इमारतीचं) फक्त प्री-सर्टिफिकेशन, म्हणजे नुसत्या आराखड्यावर मिळालेलं, असेल तर तसंच लिही, 'सर्टिफाइड' नाही.

साहेबांना पटत नसेल तर कायदा दाखव. रेरा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, व्यवहारातून बाहेर पडायचं म्हणाला तर सगळे पैसे व्याजासकट परत. ब्रोशर जाहिरातीतच धरतात. रजिस्ट्रेशन नंबर आणि महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) वेबसाइटचा पत्ता लागतोच, 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडपण, नसला तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. तो कोड डिझाइन बिघडवतो म्हणून कोपऱ्यात बारीक करू नकोस, प्रूफवर स्वतःच्या मोबाइलनं स्कॅन करून बघ.

'मेट्रोपासून 5 मिनिटं' लिहायला सांगतीलच (सांगतातच!). मार्च 2024 ला सुरू झालेल्या त्या स्टेशनच्या जिन्यापासून साइटच्या गेटपर्यंत दुपारी दोनला चालत जा, मधे रस्ता क्रॉस करायला पडणारा वळसा धर, आणि निघालेलं अंतर मीटरमध्ये छाप.

नावाचं म्हणशील तर रिक्षावाल्याला एकदा सांगून बघ, त्यानं 'कुठं?' विचारलं की दुसरं शोध. आणि लोगो देवनागरीत पहिल्या दिवशीच काढ, कारण आत येणाऱ्या दुकानांच्या, ऑफिसांच्या पाट्या मराठीत लावायचा नियम आहे, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, तिथं बिल्डिंगचंच नाव घाईत टाइप केल्यासारखं दिसायला नको.

छापायला आठ पानं पुरे, मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीतच लागतात. आत 170 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट पेपर, कव्हर 300 ला मॅट लॅमिनेशन. फॉइल हवंच असेल तर फक्त नावावर मार, साहेब खूश. आणि अर्धे पैसे आधी घे, बिल्डिंगचं काम लांबलं की ब्रोशरचं बिलपण लांबतं.

प्रश्न: ताई, इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मराठी पेस्ट केलं की वेलांटी भलतीकडेच जाते, जोडाक्षरं तुटतात. प्रिंटर म्हणतो जुन्या फॉन्टमध्ये परत टाइप करा. – एक वाचक, सातारा

उत्तर: काही टाइप करू नकोस गं. पॅराग्राफच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोजर निवड आणि मुक्तासारखा युनिकोड फॉन्ट लाव, फुकट मिळतो. प्रिंटरला देताना अक्षरं आउटलाइन कर, म्हणजे त्यांची चित्रं होतात, मग टाइप बदलता येत नाही, म्हणून वेगळ्या नावानं सेव्ह करून, नाहीतर रात्री अकराला बिल्डरचा फोन येतो की कार्पेटचा आकडा बदललाय.