सोपा दिवस सोपाच ठेव

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या यंत्रावर, केलेल्या तीन आठवड्यांच्या सरावाचे आलेख तू पाठवलेस, ते सगळे नीट बघितले. तू निवडलेली १२ आठवड्यांची योजना चांगली आहे, ती बदलायची काही गरज नाही. दुखणं दुसरीकडेच आहे. ‘एन्ड्युरन्स’, म्हणजे हलक्या, लांब सरावाचा म्हणून लिहिलेल्या दिवशी तू पेडलवर १३० वॉटची ताकद लावतेस आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १५५ च्या वर जातात. मग मंगळवारच्या इंटरव्हलमधले, म्हणजे थांबून थांबून जोर लावायच्या टप्प्यांतले, शेवटचे दोन अर्ध्यावर सुटतात. हलक्या दिवशीच जोर संपवलास तर जोराच्या दिवशी पायांत काय उरणार? घाम दोन्ही दिवशी सारखाच निथळतो, म्हणून मेहनत झाल्यासारखी वाटते खरी, पण सगळे दिवस मधल्याच ताकदीचे झाले की प्रगती तिथेच अडकते.

तुझी वीस मिनिटांच्या चाचणीची सरासरी १६० वॉट आली होती. त्याचे ९५ टक्के म्हणजे १५२, ही तुझी एफटीपी. साधारण तासभर टिकवता येईल अशी ताकद. हलक्या दिवसाची वरची हद्द तिच्या ७५ टक्के, म्हणजे ११४. त्या दिवशी तू १०० वर राहिलीस तरी मला चालेल. पेडल मारता मारता आईशी फोनवर सलग बोलता आलं पाहिजे आणि तिला तुझी धाप ऐकू जाता कामा नये, एवढं बघ. स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळायची क्षमता वाढते, ती अशाच तासन् तास चाललेल्या निवांत पेडलिंगने. तुला हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, ती ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे ना? तिला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरही पडत नाहीत. तिथे दोन मिनिटांचा जोर फारसा कामाला येत नाही. दिवसभर न थकता चालवायची सवय असावी लागते.

आता त्या गच्चीवरच्या खोलीबद्दल. तुझे ठोके चढतात त्याला वॉट कारण आहेत, तशी ती खोलीही आहे. पेडलला १०० वॉट पोचतात तेव्हा शरीर आत त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार करत असतं. रस्त्यावर ती वाऱ्याने निघून जाते. ट्रेनरवर तू जागच्या जागी, आणि डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब. मग थंडावा मिळावा म्हणून रक्त कातडीकडे वळतं, घामाने अंगातलं पाणी कमी होतं आणि तेवढ्याच वॉटला हृदयाला जास्त पळावं लागतं. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, रात्री दहालाही स्लॅब हात लावू देत नाही. तेव्हा संध्याकाळचं सेशन बंद कर, पहाटे साडेपाचला बस. सायकल खालच्या खोलीत आण. मोठा स्टँड फॅन समोर, छातीच्या उंचीवर लाव. छताच्या पंख्याने भागत नाही. कूलर लावलास तर खिडकी उघडीच ठेव. बंद खोलीत कूलरने दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही आणि उलट जास्त गुदमरायला होतं. हँडलवर एक जाड सोलापुरी टॉवेल आडवा टाकत जा. घामातलं मीठ हँडल जिथे वळतं तिथल्या हेडसेटच्या बेअरिंगला आणि हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमच्या स्क्रूंना गंज चढवतं, आणि तो वरून दिसत नाही.

लाइट गेली तर सरळ उतर. पंखा बंद, ट्रेनरचं नियंत्रण बंद; अशा वेळी हट्टाने बसण्यात काही अर्थ नाही.

अर्ग मोडची एक गोष्ट सांगते, कारण तुझे इंटरव्हल तिथेच तुटतात. त्या मोडमध्ये ट्रेनर ठरलेले वॉट काही सोडत नाही. थकून पायांचा वेग मिनिटाला ९० फेऱ्यांवरून ६० वर आला, की तेवढेच वॉट भरायला तो प्रत्येक फेरा आणखी जड करतो; वेग आणखी घटतो आणि पाय जाम होतात. वेग पडतोय असं वाटलं की लगेच पाय फिरते कर, नाहीतर ॲपमध्ये ठरलेल्या वॉटची टक्केवारी चार-पाचने खाली घे. कमी वॉटवर पूर्ण केलेलं सेशन अर्धवट सोडलेल्यापेक्षा मला जास्त आवडेल.

चौथा आठवडा विश्रांतीचा आहे, तो गाळू नकोस. तास निम्मे कर, जोराचं काही नको. शरीर सुधारतं ते या दिवसांत. घरात लग्न असलं, ताप आला, गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले आणि एखादं सेशन हुकलं, तर ते हुकलं. दुसऱ्या दिवशी दोन सेशन एकत्र करून भरपाई करायची नाही. ॲपमधल्या लाल खुणेकडे बघूच नकोस.

खाण्यात काटकसर करू नकोस, हे मी जरा रागानेच सांगतेय. वजन कमी करायचं म्हणून उपाशीपोटी इंटरव्हल करणाऱ्या मुली मी बघते आणि जीव तुटतो. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, डाळ, दही, भात, सगळं पोटभर खा. तासाच्या वर चालवणार असशील तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. बाटलीत लिंबू, साखर, मीठ. पाळी लांबायला किंवा चुकायला लागली तर ट्रेनिंग थांबव आणि डॉक्टरांना दाखव. ट्रेनिंग करणाऱ्यांत बऱ्याचदा ती शरीराला अन्न पुरत नसल्याची खूण असते. लाजू नकोस, मला फोन कर.

रविवार मात्र रस्त्याचाच. वाऱ्यात पायांची लय धरणं, चालत्या सायकलवर बाटली काढणं, पाच तास सीटवर बसणं, ट्रक मागून आला तरी रेष न सोडणं, हे ट्रेनर शिकवत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा आधी पंढरपूरच्या बाजूला जायचं म्हणजे परत येताना वारा पाठीशी. पुढच्या महिन्यात तुळजापूरचा घाट करू. जाऊन-येऊन नव्वदएक किलोमीटर होतात. घाट चढताना तुझ्या मीटरवर १५२ च्या वर आकडा गेला तर मी मागून ओरडणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

या रविवारी हिप्परग्याच्या तलावापर्यंतच. मागचा दिवा चार्ज करून आण, जास्तीची ट्यूब आण. आणि आता आठवडाभर वॉटचे आलेख नकोत. रोज सकाळी उठल्यावरचे ठोके आणि किती तास झोपलीस तेवढंच लिहून पाठव.

तुझी,
काकू