बागडोगऱ्याला जाताना ए, येताना एफ

दिवाळीच्या सुट्टीत इंदूर–दिल्ली–बागडोगरा (दार्जिलिंगजवळचा विमानतळ) प्रवास आहे आणि खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. दिल्ली–बागडोगरा जाताना डावीकडची, म्हणजे ए. परतताना उजवीकडची, एफ. सीटचे जादा पैसे एकाच टप्प्यावर घालायचे असतील तर इथेच घाला.

दिल्लीहून विमान पूर्वेकडे निघतं आणि हिमालय सगळा उत्तरेला, डाव्या हाताला राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन पाठीमागून थेट बर्फावर पडतं. पाऊस सरल्यावर हवाही स्वच्छ असते. तरी सकाळचंच विमान घ्या. दुपारपर्यंत ढग चढतात.

आधी धौलागिरी (8167 मीटर) आणि अन्नपूर्णा दिसतात. उतरायला साधारण अर्धा तास उरला की एव्हरेस्टकडे लक्ष ठेवा. तो एकटा उभा नसतो. ल्होत्से-नुप्त्सेच्या भिंतीमागून काळपट त्रिकोणी माथा डोकावतो. उजवीकडचा मकालू जवळ असल्यामुळे थोराड वाटतो आणि नवखे लोक त्यालाच एव्हरेस्ट समजून फोटो काढत बसतात. शेवटी कांचनजंगा (8586 मीटर), तो मात्र चुकत नाही.

आता ओळ. एअरबस ए320 विमानात साधारण दहाव्या ते विसाव्या ओळीपर्यंत खाली पंखच दिसतो. आपत्कालीन दाराच्या ओळी याच पट्ट्यात येतात. पाय पसरायला उत्तम, खाली बघायला निरुपयोगी. पंखाच्या मागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेमुळे डोंगर थरथरतात आणि फोटो धूसर येतात. म्हणून तिसरी ते आठवी ओळ बघा. ए321 लांब असतं, तिथे आकडे बदलतात, तेव्हा सीटच्या नकाशात पंख कुठे आहे ते पाहून घ्या. बोईंग 737 असेल तर आणखी एक गोम: पंखाच्या थोडं पुढे एसीचे पाइप भिंतीतून वर जातात, तिथे एखाद्या ओळीला खिडकीच नसते. पैसे खिडकीचे आणि समोर कोरी भिंत! विमान आयत्या वेळी बदलूही शकतं, म्हणून चेक-इन करताना नकाशा पुन्हा उघडा.

बाजू की ओळ, एकच मिळत असेल तर बाजू धरा. पंखाच्या वरूनही शिखरं दिसतात. उजवीकडून फक्त गंगेचं मैदान.

इंदूर–दिल्ली उत्तरेकडे जातं. सकाळी ए घ्या: ऊन उजवीकडून येतं आणि हवा स्वच्छ असेल तर डावीकडे लांबवर गांधीसागर धरणाचं पाणी दिसतं. संध्याकाळी ए घेतलीत तर सूर्य डोळ्यांत, तेव्हा एफ बरी. परतीला इंदूरला पूर्वेकडून उतरलं तर राजवाड्याकडचं शहर डावीकडे येतं, पण धावपट्टीची दिशा वाऱ्यावर ठरते, त्याचा भरवसा धरू नका. नेहमीचा मार्ग बघायचा असेल तर फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच क्रमांकाच्या विमानाचे मागचे दोन-चार दिवस चाळा.

फोटोसाठी फ्लॅश बंद. मोबाइल काचेला टेकवू नका, थरथर लागते. बोटभर अंतर ठेवा आणि मागून गडद ओढणी धरा, म्हणजे केबिनचे दिवे काचेत उमटत नाहीत. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर काढून ठेवा, खिडकीच्या ॲक्रिलिकमुळे फोटोत इंद्रधनुषी पट्टे येतात.