वाचकांचे प्रश्न : रोजच्या तीन चौकटी

प्रश्न : माझी बारावीतली मुलगी आमच्या वाडीतल्या माणसांवर तीन-चार चौकटींच्या चित्रमालिका काढते. वृत्तपत्रासाठी अशी मालिका काढणाऱ्याला रोज नवा विनोद कसा सुचतो? त्याच्या हाताखाली माणसे असतात का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मदतनीस ठेवणारे व्यंगचित्रकार पुष्कळ होऊन गेले. मात्र ‘पीनट्स’ ही अमेरिकी चित्रमालिका चार्ल्स शुल्झ यांनी २ ऑक्टोबर १९५० पासून सुमारे पन्नास वर्षे मदतनीसाविना स्वतः लिहिली आणि रेखाटली. तिचे एकूण १७,८९७ भाग निघाले आणि शेवटचा भाग १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आला, त्याच्या आदल्या रात्री शुल्झ यांचे निधन झाले. मराठीत ‘सकाळ’मध्ये १९९१ साली सुरू झालेल्या ‘चिंटू’मागे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर असे दोघे होते.

रोज नवा विनोद सुचावा लागतो, ही समजूत मात्र मला पटत नाही. ‘पीनट्स’मधला चार्ली ब्राऊन चेंडूला लाथ मारायला धावत येतो आणि ल्यूसी तो चेंडू ऐन वेळी काढून घेते, हा एकच प्रसंग शुल्झ यांनी जवळजवळ दरवर्षी काढला आणि तो शिळा झाला नाही, कारण वाचक विनोदाची नव्हे, तर त्या दोघांच्या स्वभावाची वाट पाहत असे. आपल्या मुलीकडे वाडीतली माणसे आहेत, म्हणजे खरे भांडवल आहे.

तिने एक सवय आतापासून लावून घ्यावी : आधी संवाद लिहावेत आणि उरलेल्या जागेत चित्र बसवावे. आपल्या लिपीला वेलांटी, मात्रा आणि उकारांसाठी वर-खाली जागा लागते. चित्र आधी काढले की अक्षरे संवादाच्या फुग्यात कोंबावी लागतात आणि छापताना चित्र लहान केले की ती वाचताच येत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. रोजच्या मालिका काही आठवडे आधी तयार असाव्या लागतात आणि अमेरिकेत रविवारच्या रंगीत पानाचे काम साधारण दोन महिने आधी द्यावे लागते. या हिशेबाने चतुर्थीची माटवी (गणपतीच्या वर फळा-पानांनी सजवलेली चौकट), मुंबईहून आलेले चाकरमानी आणि भजनातली भांडणे आषाढात, भातलावणीच्या दिवसांतच काढून व्हायला हवीत. यंदा तिला चतुर्थीच्या सलग सहा मालिका त्याच वेळी, एकाच पात्रावर आणि शाईने पूर्ण करायला सांगा. ते पात्र सहा दिवस पुरते की तिसऱ्याच दिवशी संपते, हे तिचे तिलाच कळेल.