क्रॉशेसाठी चार पोरं दिली, ती जास्त झाली का?

प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबर २०२४ मध्ये बेसबॉलच्या बॉस्टन रेड सॉक्स संघाने शिकागो व्हाइट सॉक्सकडून गॅरेट क्रॉशे हा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणला आणि बदल्यात आपली चार उगवती पोरं दिली. त्यातले कायल टील आणि चेस माइड्रॉथ शिकागोकडून नियमित खेळायला लागले. तुमचा मित्र म्हणतो, "घर विकून गाडी घेतली, पुढं बॅगवेलसारखं होणार." (बॅगवेलची जुनी गोष्ट पुढे येते.) तुमचा भाऊ म्हणतो, "आवळा देऊन कोहळा काढला." दोघांत खरं कोण, हे तुम्हाला हवं आहे.

माझ्या मते रेड सॉक्सनी जास्त मोजलं नाही. पण भावाचं म्हणणंही मला पटत नाही. आपण आवळा दिला नव्हता, चांगली पोरं दिली होती.

आधी हा व्यवहार काय असतो ते सांगतो, कारण आपण आयपीएलच्या चष्म्यातून बघतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सनी हार्दिक पंड्याला गुजरातकडून आणलं ते पैसे मोजून. आकडा दिसला, विषय संपला. बेसबॉलमध्ये चांगल्या पिचरची किंमत बहुतेक वेळा पोरांत मोजली जाते. मायनर लीगमधली, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या स्पर्धांतली, विशी-बाविशीतली, अजून मोठ्या मैदानावर पाय न ठेवलेली पोरं. मोठ्या लीगमध्ये आल्यावर साधारण सहा वर्षं अशा खेळाडूवर संघाचा हक्क राहतो आणि पहिली काही वर्षं पगार अगदी कमी असतो. म्हणजे पोरगं देणं म्हणजे स्वस्तातली सहा वर्षं देणं. आणि क्रॉशे घेतला तेव्हा त्याची फक्त दोन वर्षं उरली होती, २०२५ आणि २०२६. चार पोरांची मिळून वीसेक वर्षं एका पारड्यात आणि दोन वर्षं दुसऱ्या पारड्यात. असं मांडलं की तुमच्या मित्राला धडकी का भरली ते कळतं.

दिलेल्यांत टील सगळ्यात मोठा. कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा), डाव्या हाताने फलंदाजी करणारा, २०२३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौदाव्या क्रमांकावर घेतलेला. रोमन अँथनी, मार्सेलो मायर आणि क्रिस्टियन कॅम्पबेल यांच्याबरोबर त्याचं नाव घेतलं जायचं. चौघं एकाच वेळी फेनवेवर, बॉस्टनच्या मैदानावर, येणार, हे स्वप्न आम्ही बघत होतो. ब्रेडन मॉन्टगोमेरी हा २०२४च्या ड्राफ्टमधला बारावा. कॉलेजच्या शेवटच्या दिवसांत त्याचा घोटा मोडला, त्यामुळे ट्रेड झाला तेव्हा बॉस्टनच्या मायनर लीगमध्येसुद्धा तो एक सामना खेळला नव्हता. चौथा विकेलमन गोन्झालेझ, व्हेनेझुएलाचा उजवा पिचर, वेग भरपूर पण दिशा अजून सापडायची होती.

माइड्रॉथचा मला वैयक्तिक चटका बसला. मी वूस्टरपासून अर्ध्या तासावर राहतो. तिथे रेड सॉक्सचा मायनर लीगचा सगळ्यात वरचा संघ खेळतो, तिकीट परवडतं, मुलांना घेऊन जाता येतं. २०२४च्या उन्हाळ्यात माइड्रॉथला मी बऱ्याचदा पाहिला. अंगापिंडाने लहान, चेंडू लांब जात नाही, पण बाहेरच्या चेंडूला बॅट लावायचीच नाही हा त्याचा निग्रह बघण्यासारखा होता. दोन स्ट्राइक पडल्यावरही (तिसरा पडला की बाद) पिचरला आणखी चार-पाच चेंडू टाकायला लावून तो शेवटी चालत पहिल्या बेसवर जायचा. चार चेंडू बाहेर पडले की असं फुकट जाता येतं, त्याला वॉक म्हणतात. असा खेळाडू गेला की बातमीत तिसऱ्या ओळीत नाव येतं. ज्यांनी त्याला रोज बघितलेला असतो त्यांच्या घशाशी मात्र काहीतरी येतं.

घेतलं काय, ते आता बघू. त्या दिवशीच्या कागदावर क्रॉशे हा मोठा धोका होता, हे आज सोयीने विसरलं जातं. २०२० साली तो अकरावा निवडला गेला आणि मायनर लीग न खेळता त्याच सप्टेंबरात थेट मोठ्या लीगमध्ये उतरला. एप्रिल २०२२ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, ते अख्खं वर्ष वाया. २०२४ च्या आधी मोठ्या लीगमधल्या त्याच्या सगळ्या इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन जण बाद होईपर्यंतची पाळी) मिळून भरत होत्या फक्त ७३. मग व्हाइट सॉक्सनी त्याला पहिल्यांदा सुरुवातीचा पिचर केला आणि १४६ इनिंगमध्ये त्याने २०९ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तीन स्ट्राइकवर तितके फलंदाज बाद केले. संघ इतका वाईट, की १२१ सामने हरून आधुनिक काळातला नकोसा विक्रम करून बसला. उत्तरार्धात त्याचा हात जपायचा म्हणून त्याला तीन-चार इनिंगमध्ये थांबवायचे. म्हणजे जेमतेम एक वर्षाचा पुरावा, तोही अर्धवट, आणि एकदा चिरलेलं कोपर. ट्रेडची बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती आनंदाने उडालेली नव्हती.

तरीही मी ट्रेडच्या बाजूने होतो, याचं कारण त्याच हिवाळ्यातला बाजार. ब्लेक स्नेलला डॉजर्सनी पाच वर्षांसाठी १८ कोटी २० लाख डॉलर दिले. मॅक्स फ्रीड आठ वर्षांसाठी २१ कोटी ८० लाखांना यांकीजकडे गेला. कॉर्बिन बर्न्सला अॅरिझोनाने सहा वर्षांसाठी २१ कोटी दिले. क्रॉशे या तिघांहून लहान होता आणि २०२५चा त्याचा पगार होता ३८ लाख डॉलर. पोरं वाचवून पैसे मोजले असते तर धोका टळला असता का? बर्न्सला जून २०२५ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली. कोपर कोणाचंही जाऊ शकतं. प्रश्न एवढाच, की ते गेल्यावर तुमच्या डोक्यावर किती वर्षांचं ओझं राहतं.

आणि रेड सॉक्सनी काय दिलं नाही, हे मला दिलेल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. अँथनी, मायर आणि कॅम्पबेल तिघंही घरात राहिले. टील गेला त्याच दिवशी यांकीजकडून कार्लोस नार्वाएझ हा कॅचर आणला, आणि २०२५ मध्ये मुख्य कॅचर तोच झाला. ज्याची जागा भरता येते तो द्यायचा, ज्याची येत नाही तो ठेवायचा. एवढं भान ठेवून केलेल्या सौद्याला मी महाग म्हणणार नाही.

मग दोन वर्षांचं काय? २०२५चा मोसम सुरू होतो न होतो तोच क्रॉशेने नवा करार केला. २०२६पासून सहा वर्षं, १७ कोटी डॉलर. इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी, कारण निम्मे वाद तिथेच अडकतात. ट्रेडची वही वेगळी आणि कराराची वही वेगळी. पोरं दिली ती दोन वर्षांसाठी. पुढची वर्षं पैशाने घेतली. उद्या २०२९ मध्ये क्रॉशेचा खांदा गेला तर कराराच्या वहीत तोटा लिहा, टील आणि माइड्रॉथला त्यात ओढू नका.

हे मला क्रिस सेलने शिकवलं. हेच दोन संघ, डिसेंबर २०१६. सेल बॉस्टनला आला आणि योआन मोंकाडा, मायकल कोपेक, लुइस बसाबे व व्हिक्टर डियाझ शिकागोला गेले. मोंकाडा तेव्हा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या पोरांपैकी एक. आमच्या ऑफिसात लोक हळहळत होते. सेलने २०१७ मध्ये ३०८ स्ट्राइकआउट घेतले, आणि २०१८ मध्ये १०८ सामने जिंकलेला संघ विश्वविजेता झाला तेव्हा मॅनी मचाडोला बाद करून शेवटचा बळी त्यानेच घेतला. मोंकाडाने २०१९ मध्ये .३१५ची फलंदाजीची सरासरी राखत २५ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले, कोपेकलाही काही चांगले मोसम मिळाले, बाकीचे दोघं मोठ्या लीगमध्ये स्थिरावले नाहीत. हा ट्रेड बॉस्टनने जिंकला. पण मार्च २०१९ मध्ये त्याच सेलला पाच वर्षांचे साडेचौदा कोटी दिले, २०२० मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, मग एकामागून एक दुखापती, आणि शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये वर पैसे घालून त्याला अटलांटाला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी तिथे त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. त्या दुःखात लोक २०१६च्या ट्रेडलाही शिव्या देतात. चूक २०१९ची होती.

आता तुमच्या मित्राचा बॅगवेल. ऑगस्ट १९९० मध्ये रेड सॉक्सनी ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन हा सदतीस वर्षांचा रिलीफ पिचर (सामन्यात नंतर बदली म्हणून उतरणारा) घेतला आणि मायनर लीगमधला जेफ बॅगवेल दिला. अँडरसनने २२ इनिंग टाकल्या, त्याही उत्तम, आणि हिवाळ्यात निघून गेला. बॅगवेलने ४४९ होमरन मारले आणि तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. हा खरोखर वाईट सौदा होता, पण कारण बॅगवेल मोठा झाला हे नाही. सदतीस वर्षांच्या रिलीफ पिचरची उरलेली एक महिन्याची सेवा, ही वस्तूच त्या किमतीची नव्हती. क्रॉशे तेव्हा पंचविशीत होता. ही तुलना करूच नका.

मला खरी अवघड वाटते ती डेट्रॉइटची गोष्ट. ऑगस्ट १९८७, टायगर्सनी अटलांटाकडून छत्तीस वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात मिशिगनचाच एक वीस वर्षांचा पोरगा दिला, जॉन स्मोल्ट्झ. अलेक्झांडरने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा, कमी तेवढं चांगलं) १.५३. टायगर्सनी टोरंटोला फक्त दोन सामन्यांच्या फरकाने मागे टाकून विभाग जिंकला. तो नसता तर हे झालंच नसतं. पण पुढच्या फेरीत मिनेसोटाविरुद्ध तो दोन्ही सामने हरला, आणि स्मोल्ट्झ अटलांटाकडून २०० च्या वर सामने जिंकत, दीडशे सेव्ह (शेवटी येऊन आघाडी टिकवणं) घेत हॉल ऑफ फेममध्ये पोचला. जास्त मोजलं का? मी वर्षानुवर्षं याचं उत्तर शोधतोय. आजचं माझं उत्तर असं, की टायगर्सनी एक शरद ऋतू विकत घेतला आणि तो त्यांना मिळाला. दुःख एवढंच, की त्या शरदात पिचर एकटा पुरला नाही.

आणि इथेच मी क्रॉशेकडे परत येतो. ३० सप्टेंबर २०२५, यांकी स्टेडियम, वाइल्ड कार्ड फेरीचा, म्हणजे मोसमानंतरच्या तीन सामन्यांच्या पहिल्या फेरीचा, पहिला सामना. दुसऱ्या इनिंगमध्ये यांकीजच्या अँथनी व्होल्पेने त्याला होमरन मारला. त्यानंतर क्रॉशेने ओळीने सतरा फलंदाज बाद केले. सातव्या इनिंगमध्ये मसाटाका योशिदाच्या फटक्याने बॉस्टन २-१ पुढे गेलं. आठव्यात क्रॉशेने आपला ११७वा चेंडू टाकला. इतके चेंडू त्याने आयुष्यात कधी एका सामन्यात टाकले नव्हते, आणि तो चेंडू ताशी शंभर मैलांवर होता, म्हणजे १६१ किलोमीटर. यांकीजचा ऑस्टिन वेल्स जागच्या जागी बाद. ११ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. सामना ३-१ जिंकला. मी सोफ्यावरून उठून उभा होतो, बायको म्हणाली, बसा, शेजारी जागे होतील. पोरं याच रात्रीसाठी दिली होती.

पण मग दुसरा सामना ४-३ हरलो. तिसऱ्यात यांकीजनी कॅम श्लिटलरला उतरवला. आपल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोलचा, बॉस्टनच्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकलेला, ड्राफ्टच्या सातव्या फेरीत मिळालेला नवखा. आठ इनिंग, बारा स्ट्राइकआउट, ४-० आणि मोसम खलास. आपल्याकडून उभा होता कॉनेली अर्ली, मोठ्या लीगमध्ये येऊन महिनाही न झालेला पोरगा. आपला पिचर लुकास जिओलिटो कोपर धरून बसला होता. जुलैच्या शेवटी डॉजर्सकडून आणलेला डस्टिन मे ५.४० ईआरए देऊन जायबंदी झाला होता.

त्या डस्टिन मेसाठी दोन पोरं दिली होती, जेम्स टिब्स आणि झॅक एअरहार्ड. कोणी म्हणालं नाही की जास्त मोजलं, कारण नावं छोटी होती. मला तो सौदा क्रॉशेपेक्षा महाग वाटतो. जुलैत खरी गरज होती क्रॉशेच्या जोडीला दुसरा खणखणीत पिचर आणण्याची, आणि तेव्हा हात आखडता घेतला. क्रॉशेने त्या वर्षी २०५ इनिंग टाकल्या, २५५ स्ट्राइकआउट घेतले, १८ सामने जिंकले, साय यंगच्या मतदानात फक्त तारिक स्कुबलच्या मागे राहिला. असं वर्ष हातात असताना त्याच्या पाठीमागे दुसरा, तिसरा माणूस उभा न करणं, याला मी उधळपट्टी म्हणतो.

तेव्हा तुमच्या मित्राला सांगा, टीलची सरासरी बघून दर आठवड्याला हळहळू नकोस. टील चांगलाच होणार, तो चांगला होता म्हणूनच शिकागोने मागितला. तो फेनवेवर खेळायला आला की मी उभा राहून टाळ्या वाजवीन, आणि माइड्रॉथ वॉक घेऊन पहिल्या बेसकडे निघाला की जरा जास्तच जोरात. माझं मत बदलायचं असेल तर मला टीलचे आकडे दाखवू नका. ऑक्टोबरमधल्या तिसऱ्या सामन्याला बॉस्टनचा पिचर म्हणून कोण उभा आहे, ते दाखवा.