आधी कपाट उघडा, मग पडदा

मॅडम, नववीच्या 'धाराविद्युत'साठी आदल्या रात्री व्हिडिओ पाठवता, निम्मी मुलं पाहतच नाहीत आणि वरून रोज 'किती विद्यार्थ्यांनी पाहिला' ही माहिती मागतात, हे तुम्ही लिहिलंय. वाचून वाटलं, आमचंच जुनं रडगाणं.

शासनाचं दीक्षा अ‍ॅप, पुस्तकातले क्यूआर कोड तुम्हाला ठाऊकच आहेत, ते सोडतो. आम्हाला सगळ्यात महाग पडलं एक कार्यालय. नाव घेत नाही, नोकरी करायचीय. अ‍ॅमीटर (करंट मोजायला), व्होल्टमीटर (व्होल्टेज मोजायला) आणि रोध म्हणून लावायच्या निक्रोमच्या तारेची मागणी परत आली. शेरा काय, तर 'ऑनलाइन प्रयोगशाळा उपलब्ध असल्याने आवश्यकता दिसून येत नाही.'

मग ओहमचा नियम (व्होल्टेज वाढलं की करंट त्याच प्रमाणात वाढतो) फेट (PhET) या मोफत संकेतस्थळावरच्या सिम्युलेशनवर, म्हणजे पडद्यावरच्या आभासी प्रयोगावरच उरकला. जर्नलमधले सगळे आलेख पट्टीनं ओढल्यासारखे. तिथं जोडणी सैल होत नाही, सेल उतरत नाही. तिथल्या व्होल्टमीटरची टोकं नुसती टेकवायची, त्यामुळे तो एकसर, म्हणजे करंटच्याच वाटेत, जोडताच येत नाही. पुढं खरी मीटरं हातात आली तेव्हा त्याच हुशार पोरांनी व्होल्टमीटर समांतर जोडायचा सोडून एकसर जोडला आणि म्हणाली, 'सर, करंटच नाही!'

माझं मत विचाराल तर क्रम उलटा करा. (आमचा वर्ग लहान आहे, साठच्या तुकडीत जमेलच असं नाही.) आधी साहित्य हातात, वेडीवाकडी वाचनं येऊ द्या. तारेऐवजी टॉर्चचा बल्ब लावला की आलेख वाकतो, कारण फिलामेंट तापून रोध वाढतो. मग वर्गातच सिम्युलेशन लावा आणि विचारा, आपला आलेख असा का नाही? घरी व्हिडिओ नको, एक प्रश्न पुरे.

नेटची रड असेल तर फेटच्या नव्या सिम्युलेशनची फाइल घरी उतरवून पेनड्राइव्हनं आणा, ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते, मराठीतही मिळते. वर्गातल्या स्मार्ट टीव्हीच्या ब्राउझरच्या नादी लागू नका, लॅपटॉप जोडा. सेलच्या होल्डरच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासा, निम्मे 'बिघाड' तिथंच असतात.

व्हिडिओच्या आकड्यांवर जीव काढू नका. त्या तक्त्यात 'मुलानं तार जोडली का' असा रकानाच नाही. मागणी मात्र पुन्हा पाठवा आणि प्रत्येक वस्तूपुढं पाठ्यपुस्तकातल्या कृतीचं पान लिहा. आमची मीटरं तशीच मंजूर झाली. तार अजून यायचीय. तोवर विजेच्या शेगडीची सुटी कॉइल हार्डवेअरच्या दुकानातून आणतो, तीही बहुधा निक्रोमचीच असते. फक्त सेलवर वापरायची, घरच्या विजेवर अजिबात नाही.