बांधावरचा साग घरासाठी तोडावा का?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारले आहे की, १८ वर्षांपूर्वी बांधावर लावलेली सागाची चाळीसेक झाडे आहेत आणि यंदा घर व गोठा बांधायचा आहे. लाकूड वापरले तर सिमेंट-लोखंडापेक्षा कार्बन कमी सुटतो असे ऐकले, पण त्यासाठी उभे झाड तोडणे कितपत योग्य? चिक्कोडीकडूनही गोठ्याला बांबू चालेल का, अशी विचारणा आहे.

आधी हिशेब पाहू. मध्यभागी तीन फूट घेर आणि बारा फूट सरळ लांबी असलेला ओंडका व्यापाऱ्याच्या रीतीने, म्हणजे घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी, मोजला तर पावणेसात घनफूट भरतो. कापणीनंतर त्यातून चारेक घनफूट माल हाती आला, तर वाळल्यावर त्याचे वजन सुमारे ७० किलो असते. त्यातील निम्मा भाग, म्हणजे सुमारे ३५ किलो, कार्बनचा असतो. एक किलो कार्बन सुमारे पावणेचार किलो कार्बन डायऑक्साइडमधून येतो, म्हणजे हवेतून ओढलेला जवळपास १३० किलो कार्बन डायऑक्साइड त्या वाशांत साठलेला असतो. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यामागे, प्रकारानुसार, ३० ते ४५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण भट्टीच्या इंधनाखेरीज चुनखडी भाजतानाही तो बाहेर पडतो. मात्र लाकूड कुजले किंवा चुलीत गेले की साठलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. त्यामुळे वासा दहा वर्षे टिकतो की साठ, यावरच लाभ ठरतो.

म्हणून चाळीसही झाडे एकदम तोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अठरा वर्षांच्या सागात सालीलगतचे पांढरे लाकूड बरेच असते आणि वाळवी प्रथम तेच खाते. टिकतो तो आतला गाभा. दाटीतली, वाकडी, दबलेली झाडे विरळणीत काढून वासे व रिपा कराव्यात आणि सरळ झाडे आणखी वाढू द्यावीत. तोडलेल्या बुंध्याला फुटवे येतात. त्यांतील एकच जोमदार फुटवा राखावा. खांब, तुळया व चौकटींसाठी पाडलेल्या जुन्या घराचे लाकूड मिळाले तर ते आधी घ्यावे, कारण ते मुरलेले असते आणि त्यासाठी एकही झाड पडत नाही.

झाड स्वतःच्या शेतातले असले तरी पहाणी उतारा (जमिनीच्या नोंदीचा सातबारासारखा कागद) घेऊन परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी परवानगीची चौकशी करावी. महाराष्ट्रातील चंदगडची लाकूड कापायची गिरणी जवळ पडते म्हणून ओंडके परवान्याविना राज्याच्या हद्दीपलीकडे नेऊ नयेत.

ओले लाकूड बसवण्याची घाई ही सर्वांत महाग चूक. कापलेल्या फळ्या जमिनीपासून फूटभर उंच, मध्ये आडव्या पट्ट्या घालून, छपराखाली वारा खेळेल अशा रचाव्यात आणि दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावावे, नाहीतर टोके तडकतात; इंचभर जाडीच्या फळीला ढोबळमानाने वर्ष लागते असे धरावे. खानापूरच्या पावसात खांब थेट मातीत पुरणे म्हणजे वाळवीला आमंत्रणच; खांबाखाली दगडी उथळे हवे आणि कौलांची पागोळी भिंतीपासून चांगली दूर पडायला हवी. आपले जुने सुतार हे करतच आले आहेत. घराचा पाया व जोते दगड-सिमेंटचे करण्यास हरकत नाही. गोठा आणि पडवी यांना मात्र स्लॅबची गरज नसते, तेथे लाकडी सांगाडा व कौले पुरेशी आहेत.

बांबू गोठ्याला चालतो, पण तो किमान तीन वर्षांचा असावा आणि पावसाळा सरल्यावर तोडावा. कोवळ्या किंवा भर पावसात तोडलेल्या बांबूत पिष्ट (स्टार्च) जास्त असते आणि भुंगेरा त्यावरच येतो. कीड लागू नये म्हणून १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स (टाकणखार) व २ किलो बोरिक अॅसिड विरघळवून, पेरांचे पडदे आतून भोसकलेले ताजे बांबू त्यात एक ते दोन आठवडे बुडवून ठेवावेत आणि नंतर सावलीत वाळवावेत. हे क्षार पावसाने धुपून जातात, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरावा. जनावरे लाकूड चाटतात, त्यामुळे गव्हाणीला तो लावू नये.